सावरीच्या धबधब्याला पहिल्यांदा जाताना

जूनमध्ये पावसाची पहिली झड लागली की मला फोन यायला लागतात. पुण्याहून, कोल्हापूरहून, कधी थेट बंगळूरहून. "दूधसागरला म्हणे फार गर्दी असते. जंगलातून चालत जाण्यासारखा दुसरा एखादा धबधबा सांग ना." मी सावरीचं नाव सांगतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग या शनिवारी निघू?" मी म्हणतो, "नको. दसरा होऊ दे." पलीकडे जराशी शांतता. धबधबा बघायचा तो भर पावसातच, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की माझं बोलणं लोकांना अरसिक वाटतं. वाटू दे. सल्ला मी बदलत नाही, आणि का ते पुढे येईलच.

सावरी दक्षिण गोव्यात, सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्याच्या आत आहे. अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २११ चौरस किलोमीटर. दक्षिणेला खोतीगावचं अभयारण्य आणि पूर्वेला घाट चढून गेलं की कर्नाटकातलं अणशी-दांडेलीचं जंगल. म्हणजे आपण चालणार ती पायवाट एका फार मोठ्या, सलग रानाच्या कडेने जाते. वाट लांबलचक नाही. रोज चालायची सवय असलेल्या साठीच्या माणसालाही जमेल. पण "सोपी वाट" आणि "बिनधोक वाट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखा माणूस नेमका इथेच चुकतो.

आधी महिना ठरवा, मग तारीख

जुलै २०२३ मध्ये याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडाले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. तेव्हापासून पावसाळ्यात कुठला धबधबा खुला आणि कुठला बंद हे त्या त्या वेळी ठरतं. शिवाय ओढ्यांत, नद्यांत, बंद पडलेल्या खाणींच्या पाण्यात उतरायला मनाई करणारे जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात ते वेगळेच. तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात जायचंच असेल तर वनखात्याकडे आधी विचारा आणि "बंद" म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा. कुणीतरी टाकलेला कालचा व्हिडिओ म्हणजे परवानगी नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी पाण्याचा हिशोब उरतोच. सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला माथा आणि पायथा यांच्यातलं अंतर थोडं आणि उतार जबरदस्त. माथ्यावर तासभर कोसळला की ते पाणी थोड्याच वेळात खालच्या ओढ्यात हजर. तुम्ही खाली कुंडापाशी उन्हात बसलेले असता, अंगावर थेंब नसतो, आणि ओढा मात्र बदलायला लागलेला असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय: प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, दोन्ही काठांवर ओरडणारे लोक. ते उतरले तेव्हा पाणी तसं नव्हतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पाच मिनिटांपूर्वी मजेत उभं राहता येत होतं, याचा पाच मिनिटांनंतर काही उपयोग नसतो.

म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास. तेव्हा ओढ्याला भरपूर पाणी असतं आणि ते नितळ असतं. जुलैत दिसतो तो तांबडा लोट. वाटेवरचा चिखल आवळलेला असतो, जळवा कमी झालेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे वरून धो-धो पडत नसल्यामुळे मान वर करून झाडं बघता येतात. नोव्हेंबर ते जानेवारी चालायला सगळ्यात सुखाचा काळ. त्यानंतर धार बारीक होत जाते. मार्चमध्ये जाऊन "फोटोत तर मोठा दिसत होता" म्हणणारे मी पाहिलेत.

एक खाच मात्र आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. सकाळ लख्ख, दुपारी दोननंतर घाटावर काळे ढग, मग गडगडाट आणि तासभर मुसळधार. त्यामुळे ऑक्टोबरातली सहल म्हणजे सकाळची सहल. जेवायला बाहेर रस्त्यावर आलेलं असावं.

पोचायचं कसं

कोकण रेल्वेने मडगावला उतरा. तिथून केपे, रिवण करत नेत्रावळी. आपली गाडी असेल तर साधारण दीड तास धरा. कदंबच्या (म्हणजे गोव्याच्या एसटीच्या) बसगाड्या सांगे-नेत्रावळीकडे जातात, पण थोड्या, आणि परतीची गाडी चुकली तर पंचाईत होते. भाड्याची दुचाकी बहुतेकांना सोयीची पडते. पेट्रोल केप्यातच भरून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा, कारण पुढे मोबाइलला रेंज आहे-नाही असा खेळ चालतो. नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा: अमक्या धबधब्याला जातोय, चार वाजेपर्यंत फोन नाही आला तर विचारपूस कर.

मडगावहून सातला निघालात तर छान. दहाला निघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त सोबत जात नाही.

पायात काय घालायचं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मी सहल बुटांवर अवलंबून असते.

शहरात पळायला घालतात ते मऊ, पांढऱ्या फोमच्या तळव्याचे बूट ओल्या दगडावर साबणासारखे सरकतात. बाजारातले महागडे, घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग बूट कोरड्या डोंगरावर उत्तम. पण ओढ्यात एकदा पाणी आत शिरलं की दिवसभर प्रत्येक पायात अर्धा लिटर पाणी घेऊन चालायचं. इथे हवा तो रबरी तळव्याचा, खोल खाचांचा, कापडी किंवा जाळीचा बूट. पाणी जसं आत येईल तसं बाहेर जाईल. तळवा मऊ रबराचा आहे का हे नखाने दाबून बघा. नख जराही रुतत नसेल तर तो ओल्या कातळावर धरणार नाही. आसपासच्या वाड्यांतली माणसं कधी साध्या प्लॅस्टिकच्या पावसाळी सँडलवर, कधी अनवाणीच झपाझप जाताना दिसतील. त्यांचं बघून चपला घालू नका. त्यांच्या पायांना जे येतं ते आपल्या पायांना येत नाही.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आणि दोन जोड मोजे: एक पायात, एक कोरडा, पिशवीत.

जीन्स नको. भिजली की ती दुप्पट जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. पातळ, लवकर वाळणारी पूर्ण लांबीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि दोन्ही फिकट रंगाचे. फिकट कशासाठी, तर अंगावर चढणारी जळू किंवा गोचीड चटकन दिसावी. अत्तर, सेंट काही लावू नका. धबधब्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात. तीव्र वास आणि धूर या दोन्ही गोष्टी त्यांना खवळवतात.

पाठीवर एकच पिशवी, हात मोकळे. दोन लिटर पाणी, ओआरएसची एक-दोन पाकिटं (जंगलात सावली असली तरी हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि अंगातलं मीठ कधी संपलं ते कळत नाही), दशमी-चटणी किंवा गूळ-शेंगदाणे, टॉर्च, शिट्टी, कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. छत्री नको; झुडपांत अडकते आणि एक हात अडवून ठेवते. काठी मात्र हवीच. तिथल्या तिथे फांदी तोडायची नाही, अभयारण्य आहे. घरून आणा.

नाक्यावर

वनखात्याच्या नाक्यावर नोंद होते, प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि दारू किंवा टाकून देण्याजोगं प्लॅस्टिक दिसलं तर चौकशी होते. हुज्जत घालू नका. नोंद करण्याचा फायदा तुमचाच आहे. संध्याकाळी वहीत आत गेलेली माणसं आणि बाहेर आलेली माणसं यांचा मेळ बसला नाही, तरच कुणी शोधायला निघणार.

वाटाड्या घ्यावा का? सावरीची वाट मळलेली आहे, हंगामात माणसंही भेटतात, त्यामुळे त्याच्याविना जाता येतं. तरी पहिल्या खेपेला घ्याच. तो वाट दाखवतो म्हणून नव्हे, ती तुम्हालाही दिसेल. त्याला पाणी वाचता येतं. ते आपल्याला येत नाही. गावातल्या वाटाड्याला दादा-भाऊ म्हणा, पैसे आधी ठरवा, आणि तो "आता चला" म्हणाला की उठा. "पाच मिनिटं हां दादा" या वाक्याने किती जणांना गोत्यात आणलंय याची मोजदाद नाही.

चालायला लागल्यावर

सुरुवातीची झाडं तुम्हाला ओळखीची वाटतील. माट्टी, ज्याला आपण घाटावर ऐन म्हणतो आणि जो गोव्याचा राज्यवृक्ष आहे, किंदळ, मध्येच बांबूची बेटं. ही पानगळीची झाडं. पुढे वाट ओढ्याच्या अंगाने उतरायला लागली की चित्र पालटतं. उजेड एकदम कमी होतो, हवा गार आणि जड होते, वेतांचे काटेरी वेल दिसू लागतात, भेरली माडाचे झुबके लोंबताना दिसतात. खोडांच्या बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली मुळं दिसतील. माती उथळ आणि पाऊस अफाट, अशा ठिकाणी उंच झाडाला उभं राहायला हा आधार लागतो. शाळेत आपण वर्षावन म्हटलं की ॲमेझॉन शिकलो. सह्याद्रीच्या या खोल घळींमध्ये त्याचीच एक चुलत बहीण राहते, आणि ती मडगावपासून दीड तासावर आहे.

चालताना तीन गोष्टी.

पहिली, मुळांवर पाय देऊ नका, ती ओलांडा. ओलं मूळ हे ओल्या दगडापेक्षा निसरडं असतं, कारण त्याची साल गुळगुळीत आणि गोल असते.

दुसरी, न बघता हात कुठेही टेकवू नका. तोल गेला की आपला हात आपोआप जवळच्या फांदीकडे जातो. मलबारी चापडा नावाचा विषारी साप ओढ्याकाठच्या खालच्या फांद्यांवर, दगडांवर दिवसभर हलता न हलता बसून असतो. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी नारिंगी. शेवाळात आणि पाचोळ्यात तो दिसतच नाही. तो अंगावर येत नाही, पण त्याच्यावर हात पडला तर चावतो. आपल्याकडच्या दवाखान्यांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनवतात; चापड्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला शक्य तितकं उचलून बाहेर आणा आणि रेंज मिळताच १०८ ला फोन करा.

तिसरी गोष्ट जळवा. नवख्यांना वाघापेक्षा जळवांची भीती जास्त. खरं सांगायचं तर जळू चावल्याचं कळतसुद्धा नाही; कळतं ते मोजा लाल झाल्यावर. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती पडून गेल्यावरही बराच वेळ रक्त झिरपत राहतं. घाबरायचं कारण नाही, दाबून धरलं की थांबतं. पँटचे पाय मोज्यात खोचा, मोज्यांवर मिठाचं पाणी किंवा तंबाखू-चुन्याचं बोट फिरवा. चिकटलेली जळू ओढू नका. तिच्या अंगाचं जे निमुळतं टोक ते तोंड. त्याच्या कडेने त्वचेलगत नख सरकवा, ती सुटते, मग टिचकी मारून उडवा. चिकटलेल्या जळवेवर मीठ टाकणं किंवा काडी लावणं ही सगळ्यांची आवडती रीत, पण तसं केलं की ती पोटातलं जखमेत ओकते. मीठ मोज्यांसाठी ठेवा.

कोरड्या महिन्यांत जळवांची जागा गोचिडी घेतात, आणि त्या जास्त गंभीर. माकडताप हा आजार गोचिडीतून पसरतो. १९५७ साली तो पहिल्यांदा शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला, आणि २०१५-१६ च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्ग भागात त्याने माणसं दगावली. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात बसणं, लोळणं टाळा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करताना काख, जांघ, कानामागची जागा तपासा. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता "जंगलात गेलो होतो" हे त्यांना सांगा.

एवढं भिववल्यावर थोडं बरंही सांगतो. आवाज न करता चाललात तर शेकरू वरून खेकसताना ऐकू येईल. काळ्या डोक्याचा, पिवळ्या अंगाचा, गळ्यावर लाल ठिपका असलेला बुलबुल दिसला तर तो गोव्याचा राज्यपक्षी. ओढ्याजवळ सकाळी कुणीतरी रिकामटेकडा पोरगा शीळ घालत हिंडतोय असं वाटलं, तर तो कस्तूर पक्षी. गवा दिसला तर थांबा, फोटोचा मोह आवरा, त्याला जायला वाट सोडून हळूच मागे सरका.

ओढा ओलांडताना

नियम एकच: पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि धावत असेल तर ओलांडायचं नाही. मागे वळायचं. त्याखाली असेल तर पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. बूट काढू नका. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची: एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. दगडावरून दगडावर उड्या मारत जाणं सिनेमात बरं. पाण्यातल्या वाळूवर पाय ठेवणं दगडाच्या माथ्यापेक्षा केव्हाही चांगलं. आणि धबधब्याच्या वरच्या तोंडाशी ओढा कधीही, कुठल्याही कारणाने ओलांडू नका. घोट्याएवढं पाणी असलं तरी.

धबधब्यापाशी

आवाज आधी येतो, मग वाऱ्यावरून आलेले तुषार, मग झाडांच्या फटीतून पांढरं काहीतरी. इथवर आलं की सगळ्यांचा वेग वाढतो, आणि बहुतेक पाय इथेच मुरगळतात. शेवटचे दगड सगळ्यात ओले. हिरवं शेवाळ दिसतं म्हणून माणूस जपतो. खरा घातकी तो काळा, चकचकीत, पातळ बुळबुळीत थर असलेला दगड. करडा, खरखरीत, कोरडा दगड शोधून त्यावरच पाय द्या. आणि गरज पडेल तिथे सरळ बसून, ढुंगणावर सरकत उतरा. इथे कुणी मार्क देत नाही.

पोचल्यावर पहिलं काम: पाण्याच्या काठाला, अगदी कडेला, एक वाळकी काडी रोवा किंवा ओळखीचा दगड हेरून ठेवा. दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघा. याहून स्वस्त यंत्र नाही.

ही युक्ती मला एका वाटाड्याने शिकवली. ऑक्टोबर होता, आकाश निळं, आम्ही चौघे जण डबे उघडून बसलो होतो. तो एकटा उभा होता. मी म्हटलं, "दादा, बसा की, थोडी पोळी घ्या." त्याने उत्तर न देता माझी पिशवी उचलून खांद्याला लावली. "उदक वाडटा, चला." मी बघितलं तर पाणी मला तसंच दिसलं. पण तासाभरापूर्वी त्याने रोवलेली काडी काठावर होती, ती आता वीतभर पाण्यात होती. अर्धवट डबे तसेच गुंडाळून आम्ही निघालो. सकाळी कोरड्या दगडांवरून ओलांडलेला ओढा घोट्यापर्यंत आला होता. पलीकडे जाऊन उंचावर बसलो आणि पंधरा-वीस मिनिटांत ते सगळे दगड दिसेनासे झाले, पाणी चहासारखं झालं, त्यावर पानं आणि काटक्या. आमच्यावर तोवर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

तेव्हा खुणा लक्षात ठेवा: पाणी गढूळ व्हायला लागणं, पानं-काटक्या वाहून येणं, आवाज जड होणं, घळीतून अचानक गार वारा. यातली एक जरी दिसली तरी सामान न आवरता उंच काठावर जा. चुकून पलीकडच्या काठावर अडकलात तर ओलांडायचा प्रयत्न करू नका. बसून राहा, शिट्टी वाजवत राहा. असे लोंढे जसे येतात तसे काही तासांत ओसरतात.

कुंडात उतरावं का? बंदी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तरी धारेच्या खाली जाऊ नका, आणि त्याची कारणं नीट समजून घ्या, म्हणजे भिडेखातर कुणी ओढलं तरी जाणार नाही. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो. आठ फूट खोली सहा फुटांची वाटते. धार जिथे आदळते तिथे पाण्यात हवेचे अगणित बुडबुडे मिसळलेले असतात, आणि अशा फेसाळ पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. चांगला पोहणाराही हात मारत राहतो आणि खाली जातो. वरून आदळणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच वळतं, त्या चक्रात सापडलेल्याला बाहेर पडायला जमत नाही. खडकांच्या बुडाशी कपारी कोरलेल्या असतात. आणि धारेबरोबर वरून दगड येतात, ते दिसत नाहीत. काठाशी, कमरेच्या आत, प्रवाह नसलेल्या जागी बसा. पायाला जखम असेल तर तेही नको, लेप्टो (दूषित पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणारा ताप) कोकणपट्टीत काही परका नाही. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका.

कुणी बुडताना दिसलं तर मागून उडी मारू नका. काठी, पट्टा, ओढणी, रिकामी बंद बाटली, जे असेल ते फेका. बुडणाऱ्यांमध्ये वाचवायला गेलेले किती असतात ते वर्तमानपत्रात बघा.

कड्याच्या बाजूने वर चढून दुसरा टप्पा बघायचा मोहही होतो. वर काही नाही. म्हणजे आहे, पण ते मोडलेल्या घोट्याच्या लायकीचं नाही.

मैनापी

सावरी झाल्यावर लगेच मैनापीचा विचार येतो. ती वाट जास्त लांब, जास्त खडकाळ आणि ओढ्याशी जास्त सलगीची. सावरी एकदा नीट करून, वेगळ्या दिवशी, वाटाड्यासोबतच जा. एका दिवसात दोन्ही उरकणारे लोक दोन्हीकडे फक्त फोटो काढतात.

परत

दोन वाजता, पोचला असाल किंवा नसाल, तोंड फिरवा. बाहेर सूर्य सहाच्या पुढे मावळतो, पण झाडांच्या त्या छपराखाली साडेचारलाच अंधारून येतं. संत्र्याची सालसुद्धा परत आणा. माकडांना ती सवय लागली की पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप पडते.

वेळ उरला तर नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघा. तळातून सतत बुडबुडे वर येत असतात, आणि टाळी वाजवली की जास्त येतात असं सांगतात, त्यामुळे काठावर नेहमी कुणी ना कुणी गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवत असतं. परतीच्या वाटेवर रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळची कातळचित्रं आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली. ज्यांनी रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं पाहिलीत त्यांनी तर थांबावंच. जांभ्यावर कोरलेले बैल आणि तो गोल चक्रव्यूह बघून ओळख पटल्यासारखं होतं.

गाडीत बसण्याआधी बूट काढून, मोजे उलटे करून झटका. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको, तळवा सुटतो. एकदा मी बूट तसेच पिशवीत बांधून विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली, तर आतून सावरीची एक जळू सोसायटीच्या लिफ्टपर्यंत चालत निघाली होती.